हातोहात मनिला

मनिलात पहिल्यांदा जीपनीत बसले तेव्हा शेजारच्या बाईनं काही न बोलता माझ्या तळहातावर वीस पेसोचं नाणं ठेवलं आणि ती पुन्हा खिडकीबाहेर बघू लागली. मी नाण्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. आपल्या अवताराची दया येऊन कुणी भीक घातली की काय, असंही क्षणभर वाटून गेलं. समोरच्या बाकावरचा शाळकरी पोरगा गालात हसला, त्यानं ओठांचा चंबू केला आणि तो चंबू ड्रायव्हरच्या दिशेनं वळवला. मग उजेड पडला. ते नाणं पुढं द्यायचं होतं. मी पुढच्या माणसाच्या हातात दिलं, त्यानं त्याच्या पुढच्याच्या, आणि ‘बायाद पो’ म्हणजे ‘भाडं घ्या हो’ असा पुकारा करत ते ड्रायव्हरपाशी पोचलं. मिनिटाभरानं सुटे पैसे त्याच वाटेनं, चार अनोळखी हातांतून, त्या बाईपर्यंत परत आले. तिनं मोजलेही नाहीत.

जीपनी म्हणजे आपल्याकडच्या वडापची थोरली, नटलेली बहीण. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्यानं मागं टाकलेल्या जीपगाड्या फिलिपिनो कारागिरांनी लांबवल्या, वर छप्पर घातलं, आत समोरासमोर दोन लांब बाक टाकले आणि बाहेरून देवादिकांपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांची चित्रं नि नावं रंगवली. चढायचं मागून. कंडक्टर बहुधा नसतोच. ड्रायव्हर एका हातानं गाडी चालवतो, दुसऱ्या हाताच्या बोटांत नोटा उभ्या घडी घालून खोचलेल्या असतात आणि मान न वळवता तो हिशोब करतो. गेल्या खेपेला कमीत कमी भाडं १३ पेसो होतं. काचेवर पाटी असते, ‘बार्या लांग पो सा उमागा’, म्हणजे सकाळच्या वेळी सुटेच द्या. आपल्या एसटीतली सूचनाच, फक्त मागं ‘पो’ हा आदरार्थी शब्द लावलेला. दुसरी एक पाटी जास्त मजेची: ‘गॉड नोज हुदास नॉट पे’. स्पॅनिश वळणानं ज्यूडासचा उच्चार हुदास होतो. ख्रिस्ताला दगा देणारा तो, आणि भाडं न देता उतरणाराही तोच.

फिलिपिन्समधल्या शहरांत परदेशी माणसानं कसं वागावं, कुठं जपावं, असं मला आता ओळखीपाळखीचे बरेच जण विचारतात. मी दोनदा जाऊन आले: एकदा कामासाठी एकटी, दुसऱ्यांदा सत्तरीच्या आईला घेऊन. नकाशे, हॉटेलं, बीच हे सगळं फोनवर मिळतं. जे मिळत नाही ते एवढंच, की ही शहरं हातोहात चालतात. जो माणूस हात पुढं करतो, विचारतो, हाक मारतो, त्याचं काम होतं. फोनमध्ये डोकं घालून गप्प बसणारा तिथंच बसून राहतो. मराठीत ‘हातोहात’चा दुसरा अर्थ फसवण्याशी जोडलेला आहे हे मला माहीत आहे. तेही तिथं चालतं. त्याकडं येईन.

मराठी घरात मनिला हे नाव बहुतेकदा एकाच कारणानं येतं, मॅगसेसे पुरस्कार. १९५८ साली पुरस्कार सुरू झाला त्याच वर्षी विनोबांना मिळाला, पुढच्या वर्षी चिंतामणराव देशमुखांना, मग जामखेडचं आरोळे दांपत्य, बाबा आमटे, प्रकाश आणि मंदाकिनी आमटे. पण पुरस्कार घेण्यापलीकडं या शहरात जाण्याचा विचार आपण फारसा करत नव्हतो, कारण व्हिसाची कटकट होती. ८ जून २०२५ पासून ती बरीच मिटली. भारतीय पासपोर्टवर १४ दिवस पर्यटनासाठी व्हिसा लागत नाही. अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, शेंगेन, सिंगापूर किंवा ब्रिटन यांपैकी कुणाचा चालू व्हिसा वा निवासाचा परवाना असेल तर ३० दिवस. मुदत वाढवून मिळत नाही, तेव्हा ‘तिथं गेल्यावर बघू’ हा बेत करू नये. पासपोर्ट सहा महिने चालणारा, परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि खर्चापुरते पैसे असल्याचा पुरावा छापून जवळ ठेवावा. आम्हाला परतीचं तिकीट मनिलात नव्हे, मुंबईतच काउंटरवर विचारलं. निघण्याच्या आधीच्या ७२ तासांत ‘ई-ट्रॅव्हल’ नावाची सरकारी नोंदणी करून क्यूआर कोड घ्यायचा. ती फुकट आहे. पैसे मागणारी तशाच तोंडवळ्याची संकेतस्थळं निघाली आहेत, ती टाळावीत. नियम बदलतात, म्हणून तिकीट काढायच्या आधी दूतावासाचं पान एकदा वाचावं. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीहून थेट विमान सुरू झालं. मुंबईकर अजून बहुतेक सिंगापूर, बँकॉक किंवा हाँगकाँगमार्गे जातो. घड्याळ अडीच तास पुढं करायचं.

विमानतळाचं नाव निनॉय अकिनो. हा विरोधी पक्षनेता १९८३ च्या ऑगस्टमध्ये परदेशातून परतला आणि याच विमानतळावर उतरताना त्याला गोळी घातली गेली. प्रवाशाच्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे: इथली टर्मिनलं एकमेकांना जोडलेली नाहीत. एकातून दुसऱ्यात रस्त्यावरून गाडीनं जावं लागतं आणि तो रस्ता मनिलाचा असतो. आंतरराष्ट्रीय विमानातून उतरून सेबूचं वा दावावचं विमान पकडायचं असेल तर मध्ये चार तास तरी ठेवा. दोन तास पुरतील असं सांगणारा माणूस कधी तिथं गेलेला नाही.

आणखी एक गफलत नावाची. आपण ज्याला मनिला म्हणतो ती सोळा शहरं आणि पातेरोस नावाची एक नगरपालिका मिळून बनलेली मेट्रो मनिला आहे. २०२० च्या जनगणनेत तिथं सुमारे १ कोटी ३५ लाख माणसं होती. जुनी तटबंदी, चर्चं, संग्रहालयं खुद्द मनिला शहरात. बँका आणि दिमाखदार हॉटेलं मकातीत. चकचकीत नवी वस्ती तागिगमध्ये. आशियाई विकास बँकेचं मुख्यालय मांदालुयोंगमध्ये. ‘हॉटेल मनिलात आहे’ एवढ्यावर समाधान मानणं म्हणजे ‘मुंबईत आहे’ ऐकून विरारला खोली घेणं. दिवसाला एक टोक, फार तर दोन, एवढाच बेत आखावा.

रस्त्यावरच्या कोंडीबद्दल पुणेकर म्हणून मला काही नवं वाटणार नाही असा माझा समज होता. एदसा नावाचा जो मुख्य रस्ता आहे, ज्यावर १९८६ मध्ये लाखो माणसांनी उभं राहून मार्कोस या हुकूमशहाची सत्ता घालवली, त्याच रस्त्यावर मी नऊ किलोमीटरला दोन तास दहा मिनिटं मोजली. कारण विचारल्यावर ड्रायव्हर म्हणाला, ‘मॅम, फ्रायडे. फिफ्टीन.’ तिथं पगार पंधरा आणि तीस तारखेला होतात. पगाराचा दिवस, त्यात शुक्रवार, त्यात पाऊस असं त्रिकूट जमलं तर हॉटेलातच राहावं. बुधवारी विमानतळाजवळच्या बाक्लारानच्या चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेची गर्दी उसळते, तेव्हा त्या बाजूनं विमान गाठायचं असेल तर तासभर आधी निघावं. एदसावरूनच एमआरटी-३ ही रेल्वे धावते. स्टेशनवर बॅग तपासतात, रांग लागते, तरीही गर्दीच्या वेळी तीच खरी. पहिला डबा बायका, म्हातारी माणसं, गरोदर स्त्रिया आणि अपंग यांच्यासाठी राखीव असतो. मुंबईच्या लेडीज डब्यात वाढलेल्या बाईला तिथं काहीही शिकावं लागत नाही, उलट शिस्त बघून ती थोडी खट्टू होते.

टॅक्सीपेक्षा ग्रॅब ही अ‍ॅपवरची गाडी बरी. रस्त्यावरच्या टॅक्सीत बसायच्या आधी ‘मीटर, कूया?’, म्हणजे ‘मीटरनं ना, दादा?’, एवढं विचारायचं. गल्लीबोळात ट्रायसिकल, म्हणजे मोटरसायकलला जोडलेला पत्र्याचा पिंजरा. त्याचं भाडं चढायच्या आधी ठरवावं. आईनं एकदाच त्यात बसून दोन्ही गुडघे हनुवटीला लावले आणि सांगितलं, मी चालत येते.

पैशांचं थोडक्यात. एक पेसो म्हणजे ढोबळ दीड रुपया. परदेशी कार्डावर एटीएममधून दर खेपेला साधारण अडीचशे पेसो वेगळे कापले जातात, तेव्हा दोन-दोन हजार काढत बसू नये. स्थानिक लोक सगळं जीकॅशनं भागवतात, पण आपलं यूपीआय तिथं गृहीत धरू नका. जीपनी, ट्रायसिकल, खानावळ यांना रोख लागते आणि तीही सुटी. हजाराची नोट दाखवली की दुकानदाराचा चेहरा आपल्या भाजीवाल्यासारखा होतो. वीसचं सोडलं तर नवी नाणी सगळी एकाच चंदेरी रंगाची आहेत. एक आणि पाच पेसोत इतका घोळ होऊ लागला की २०१९ मध्ये पाचाचं नाणं नऊ कोनांचं करावं लागलं. जीपनीत अंधारात बोटांनी कोन चाचपणं हे मी तिथं शिकलेलं खास कौशल्य. सिमकार्ड पासपोर्ट दाखवून विमानतळावरच घ्यावं, २०२२ च्या कायद्यानं नोंदणी सक्तीची आहे. चार्जरसाठी चपट्या दोन पिनांचा अ‍ॅडॉप्टर न्या.

आता हाका. कूया म्हणजे दादा, आते म्हणजे ताई. आपल्या कानाला ‘आते’ म्हटलं की वडिलांची बहीण आठवते, पण तिथं ती थोरली बहीण. वेटर, रिक्षावाला, पोलीस, दुकानातली मुलगी, कुणालाही या दोन हाका चालतात. ‘एक्सक्यूज मी’ म्हणून मिळालेलं उत्तर आणि ‘कूया’ म्हणून मिळालेलं उत्तर यांत मला दरवेळी फरक दिसला. इंग्रजी बहुतेकांना येतं. मॉलच्या दारात रखवालदार हातातल्या काठीनं तुमची पिशवी उघडून बघतो आणि दुकानातल्या मुली ‘हेलो मॅमसर’ असं एका दमात म्हणतात, समोर बाई असो वा पुरुष.

बोटानं दाखवण्यापेक्षा ओठांनी दाखवायची रीत आहे, सुरुवातीच्या त्या पोरानं केलं तसं. भुवया वर गेल्या म्हणजे ‘हो’. मी रस्ता विचारायचे, समोरचा नुसत्या भुवया उडवायचा आणि मला वाटायचं त्याला कळलंच नाही. ‘मालापित लांग’, म्हणजे ‘हे काय, जवळच’, हे उत्तर मिळालं तर आपल्याकडचा ‘ह्यो काय, हितंच हाय’ म्हणणारा खेडूत आठवावा आणि पाण्याची बाटली भरून घ्यावी. तोंडावर ‘नाही’ म्हणणं त्यांना जड जातं. ‘आय विल ट्राय’ ऐकलंत की ते काम होणार नाही असं समजून चाला. चारचौघांत कुणावर आवाज चढवू नका. हॉटेलच्या काउंटरवर एका परदेशी पाहुण्यानं ओरडाआरडा केला तेव्हा समोरची मुलगी हसत राहिली, आणि ते हसू जसं रुंदावत गेलं तसं त्याचं काम लांबत गेलं. ते हसू शरमेचं होतं, त्याला वाटलं चेष्टेचं.

आईनं मात्र एका शब्दाविना बाजी मारली. आमच्या ग्रॅबवाल्याची आठेक वर्षांची मुलगी पुढच्या सीटवर होती. उतरताना तिनं आईचा हात हातात घेतला आणि स्वतःच्या कपाळाला लावला. याला ‘मानो’ म्हणतात, वडीलधाऱ्याला केलेला नमस्कार. आईला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. तिनं दुसरा हात मुलीच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, ‘औक्षवंत हो गं बाई.’ ग्रॅबवाल्यानं सामान खोलीच्या दारापर्यंत नेऊन दिलं.

*

जेवणाबद्दल मी सविस्तर लिहिणार, कारण मराठी माणसाचा खरा प्रश्न तोच असतो. मांसमासे खाणाऱ्याला तिथं काही अडत नाही. शाकाहारी माणसाची गंमत वेगळी होते: भाज्या सगळ्या ओळखीच्या आणि एकही आपली नाही.

खानावळीला कारिंदेरिया म्हणतात, किंवा तुरो-तुरो, म्हणजे ‘दाखव-दाखव’. काउंटरवर पातेली मांडलेली, झाकण उचलून बघायचं, दाखवायचं, भाताबरोबर वाढून मिळतं. आईनं पहिल्या पातेल्यात भोपळा, वांगी, भेंडी, कारलं आणि चवळीच्या शेंगा एकत्र शिजलेल्या बघितल्या आणि तिचा चेहरा फुलला. ही भोगीची भाजीच की! ते होतं पिनाकबेट, आणि त्यात होतं बागोओंग, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीची वा माशाची खारट चटणी. दुसऱ्या पातेल्यात नारळाच्या दुधात शिजलेलं अळू. लाईंग त्याचं नाव, सुकी कोळंबी घातलेली. तिसऱ्यात मूग, मोंगो म्हणतात, शुक्रवारी घरोघर शिजतात. त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे. शेवग्याचा पाला त्यांच्या रश्शात आपल्याहून जास्त पडतो, पण रस्सा कोंबडीचा. आई झाकणं लावत पुढं जात होती आणि काउंटरमागची आते मनापासून म्हणत होती, ‘व्हेजिटेबल, मॅम, व्हेजिटेबल!’ ती खोटं बोलत नव्हती. तिच्या लेखी भाजीत मासळीचा मसाला म्हणजे आमटीत गूळ. तो काही पदार्थाचं नाव बदलत नाही.

म्हणून ‘व्हेजिटेरियन’ हा शब्द सोडून द्या. नावानिशी नाही म्हणा. ‘वालांग कार्ने, वालांग इस्दा, वालांग हिपोन, वालांग पातिस’, म्हणजे मांस नको, मासा नको, कोळंबी नको, माशाचं पाणी नको. वालांग म्हणजे ‘-शिवाय’. अंडं नको असेल तर ‘वालांग इतलोग’ जोडा. मी हे कागदावर लिहून आईच्या पर्समध्ये ठेवलं. चिठ्ठी वाचून आते आत गेली, स्वयंपाकघरात थोडी सभा भरली आणि ती भाजलेली वांगी घेऊन आली. सोलून, वर कच्चा टोमॅटो, कांदा, व्हिनेगर. एन्सालादांग तालोंग. आईनं चव घेतली, पर्समधून मिरचीच्या ठेच्याची डबी काढली आणि ताटलीतच भरीत करून टाकलं. आतेनं ठेचा चाखला. तिचे डोळे पाणावले, मग तिनं आणखी थोडा मागितला. डबी तिथंच राहिली.

बाकी पोटाला आधार म्हणजे सिनांगाग, लसणाचा परतलेला भात. केळ्याचा गुंडाळून तळलेला तुरोन. आणि सकाळी सहाला गल्लीतून ‘ताहोऽऽ’ अशी आरोळी देत खांद्यावरच्या कावडीत दोन बादल्या घेऊन येणारा माणूस. ताहो म्हणजे गरम, लिबलिबीत ताजं टोफू, त्यावर गुळाचा पाक आणि साबुदाणा. आईनं ते चतुर्थीच्या दिवशी उपवासाला चालतं का यावर बराच खल केला. साबुदाणा चालतो, सोयाबीन चालत नाही, असा निकाल लागला. मनिलात अगदीच जीव कासावीस झाला तर पाको भागात युनायटेड नेशन्स अ‍ॅव्हेन्यूच्या आसपास जावं. गुरुद्वारा, हिंदू मंदिर, भारतीय किराणा, पोळीभाजी सगळं तिथं आहे.

जेवण काटा-चमच्यानं, सुरी नसते. हातानं खाण्याला ‘कामायान’ म्हणतात, कामाय म्हणजे हात, आणि हातानं जेवलात तर कुणी नाक मुरडत नाही, खूष होतात. नळाचं पाणी पिऊ नये. स्वच्छतागृहाला ‘सीआर’ म्हणायचं; ‘टॉयलेट कुठंय’ विचारलं तरी कळतं, पण सीआर विचारलं की लवकर कळतं. आणि घरगुती मुक्कामी न्हाणीघरात बादलीवर एक प्लॅस्टिकचं टमरेल ठेवलेलं असतं, त्याला ताबो म्हणतात. आईला त्या देशाबद्दल पहिल्यांदा खरा आदर वाटला तो ताबो बघून.

*

आता दुसरं हातोहात. माझी फसवणूक झाली ती एका पैसे बदलून देणाऱ्या दुकानात. पाटीवर दर बाजाराहून चांगला होता, तिथंच मी सावध व्हायला हवं होतं. त्या माणसानं नोटा माझ्यासमोर मोजल्या, मी मोजल्या, बरोबर होत्या. मग ‘वन मोअर टाइम, मॅम’ म्हणून त्यानं गठ्ठा परत घेतला, टेबलाच्या कडेवर ठोकून सारखा केला आणि दिला. हॉटेलात मोजले तर दोन हजार कमी. स्वतः मोजलेली रक्कम पुन्हा दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, एवढा धडा मला तीन हजार रुपयांना पडला. बँकेत किंवा मोठ्या मॉलमधल्या काउंटरवर बदलावेत.

इन्त्रामुरोस या जुन्या तटबंदीच्या गावात टांगेवाले मागं लागतात. ठरलेला आकडा माणशी की टांग्याचा, तासाचा की अर्ध्या तासाचा, हे दोनदा विचारा. तिथं आणि शेजारच्या रिझाल पार्कमध्ये एखादं गोड बोलणारं कुटुंब ओळख काढतं, घरी जेवायला बोलावतं. फिलिपिनो माणूस खरोखरच बोलावतो, हाच त्यात घोटाळा आहे. पण रस्त्यावर अर्ध्या तासाच्या ओळखीवर कुणाच्या घरी जाऊन काही पिऊ नये. गुंगीचं औषध देऊन लुटणाऱ्या टोळ्या जुन्या आहेत आणि त्यांना त्या औषधाच्या नावानं ‘अतिवान गँग’ म्हणतात. एकट्या बाईला रात्री शीळ-शेरे ऐकू येतात. २०१९ चा सेफ स्पेसेस कायदा त्याविरुद्ध आहे, लोक त्याला ‘बावाल बास्तोस’ म्हणजे ‘असभ्यपणाला बंदी’ म्हणतात. मला दिवसाढवळ्या कधी भीती वाटली नाही. संकटात ९११.

पाऊस जून ते नोव्हेंबर. वर्षाला सरासरी वीसेक वादळं फिलिपिन्सच्या टापूत शिरतात आणि त्यांतली आठ-नऊ जमिनीवर धडकतात. इशारा १ ते ५ अशा सिग्नलमध्ये येतो. १ ऐकून बालवाड्या बंद होतात, ३ ऐकून तुम्ही विमानाचं तिकीट बदलायला लागा. हवामान खात्याचं नाव पगासा. ती इंग्रजी आद्याक्षरं आहेत, पण तागालोगमध्ये पाग-आसा म्हणजे आशा, आणि त्यातला ‘आसा’ आपल्या संस्कृत ‘आशे’चाच. वादळाची बातमी देणाऱ्या खात्याला आशा म्हणणारा देश मला आवडतो. आम्ही गेलो तेव्हा सिग्नल १ होता. आईची संकष्टी होती आणि पंचांगात मनिलाचा चंद्रोदय नव्हता. तो मी फोनवर शोधून दिला, पण आभाळात चंद्र कुठला दिसायला? रात्री दहाला तिनं ढगांनाच नमस्कार करून ताट वाढून घेतलं.

थंड, कोरडे दिवस डिसेंबर ते फेब्रुवारी. गुड फ्रायडेच्या आठवड्यात मात्र मनिलाला जाऊ नका, मॉलसुद्धा बंद होतात आणि अर्धं शहर गावी गेलेलं असतं. ख्रिसमसची तयारी तिथं सप्टेंबरपासूनच सुरू होते. घराघरावर पारोल टांगतात, बांबूच्या कामट्यांचा आणि रंगीत कागदाचा तारा, आत दिवा. आमच्या लहानपणी वाड्यात खळ लावून केलेला आकाशकंदीलच तो, फक्त पाच टोकांचा.

सगळं फिलिपिन्स मनिलासारखं नाही. सेबूत तागालोग झाडायला जाल तर लोक इंग्रजीतून उत्तर देतात. त्यांची भाषा बिसाया. मनिलाच्या जीपनीत थांबायला ‘पारा’ म्हणतात, सेबूत ‘लुगार लांग’, आणि नाण्यानं वरच्या दांडीवर टकटक करायची. तिथला विमानतळ माक्तान बेटावर आहे, लापू-लापू शहरात. २७ एप्रिल १५२१ ला मॅगेलन ज्याच्याशी लढताना मारला गेला त्या सरदाराचं नाव शहराला आहे आणि मॅगेलननं रोवलेला म्हणतात तो क्रूस पुलापलीकडं सेबूत जपून ठेवलाय. दोन्ही एकाच दिवसात बघून होतात. दावावमध्ये डॉक्टरकी शिकणारी महाराष्ट्रातली मुलं बरीच आहेत. तिथं सार्वजनिक जागी सिगारेट पेटवली तर दंड, मध्यरात्रीनंतर एकला दारूविक्री बंद, आणि फटाक्यांवर दोन दशकांहून अधिक काळ बंदी. एक विद्यार्थी सांगत होता, दिवाळीला आम्ही फराळ मागवतो, पणत्या लावतो आणि घरी फोन करून फटाके ऐकतो. बाजारात दुरियान विकत घ्यायचा, तो हॉटेलात नेऊ देत नाहीत. तिथंच उभ्यानं खायचा. बागियो म्हणजे आपलं महाबळेश्वर, अमेरिकनांनी वसवलेलं, सुमारे दीड हजार मीटर उंचीवर, शेजारी स्ट्रॉबेरीचे मळेसुद्धा. स्वेटर न्या, शनिवार-रविवार टाळा.

तुम्ही भारतीय आहात हे कळलं की कुणीतरी ‘बुंबाय’ म्हणेल. शब्द आपल्या बॉम्बेवरूनच आला. मोठ्या कांद्यालाही तिथं सिबुयास बॉम्बे म्हणतात. २०२२ च्या डिसेंबरात हाच कांदा किलोला सातशे पेसोच्या घरात गेला होता; नाशिकच्या शेतकऱ्याला हे सांगितलं तर तो आधी हसेल, मग विचारात पडेल. माणसाला बुंबाय म्हणण्यात कधी कौतुक असतं, कधी टोमणा. कारण तिथला ओळखीचा भारतीय म्हणजे स्कूटरवर फिरणारा सावकार. पाच घ्या, सहा परत करा, म्हणून त्या धंद्याचं नावच ‘फाइव्ह-सिक्स’. बहुतेक पंजाबी, पण बदनामी मुंबईच्या नावावर. पोरांना ‘झोप, नाहीतर बुंबाय पोत्यात घालून नेईल’ असं सांगतात.

हे ऐकून आई म्हणाली, ‘अगं, आपण कुणाला कर्ज दिलंय?’ तिला मी दुसऱ्या दिवशी रिझाल पार्कशेजारच्या मानववंशशास्त्राच्या राष्ट्रीय संग्रहालयात नेलं. तिथं प्रवेश फुकट आहे. एक काळपट तांब्याचा पत्रा आहे, वहीच्या पानाएवढा, १९८९ मध्ये लागुना प्रांतात नदीची वाळू उपसताना सापडलेला. त्या देशातला सापडलेला सगळ्यात जुना तारीखवार लेख. लिपी कावी, आपल्याला वाचता येत नाही, पण सुरुवातीचे शब्द कुणीतरी आपल्याला समजतील असे लिप्यंतर केलेले आहेत: स्वस्ति, शके ८२२, वैशाख, चतुर्थी, कृष्णपक्ष, सोमवार. इसवी सन ९००. नामवरान नावाच्या माणसाचं सोन्यातलं कर्ज, एक काटी आठ सुवर्ण, फिटलं. त्याच्यावर नि त्याच्या वंशजांवर आता देणं नाही, असा तो दाखला. आईनं बोटावर हिशोब केला. ‘संकष्टीच ही,’ ती म्हणाली. ‘मंगळवार असता तर अंगारकी.’

तुम्हीही नक्की बघा. फक्त सोमवारी जाऊ नका, संग्रहालय बंद असतं.